वासुदेव गायतोंडे यांची रंगक्षेत्रे आणि छापील चित्राची परंपरा : वरळीच्या बीडीडी चाळीच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांविषयी मराठीत आणि इंग्रजीत जे लेखन झाले आहे, त्यात ‘मौन’, ‘ध्यान’, ‘शून्य’ आणि ‘झेन’ हे शब्द इतक्या सहजपणे येतात की, त्यांच्या पलीकडे जाऊन चित्राकडे पाहण्याची गरजच वाचकाला वाटू नये. हे शब्द चुकीचे आहेत असे नाही. गायतोंडे यांचे एकाकी जीवन, मितभाषीपणा आणि झेन विचारांविषयीची त्यांची ओढ सर्वश्रुत आहे. परंतु चित्रकाराच्या स्वभावाचे वर्णन म्हणजे चित्राची समीक्षा नव्हे. प्रस्तुत लेखात त्यांच्या रंगक्षेत्रांचा विचार निर्मितिप्रक्रियेच्या अंगाने, विशेषतः ‘छापणे’ या क्रियेच्या अंगाने करावयाचा आहे. हा विचार वरळीच्या बीडीडी चाळीच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे की, मुंबईच्या श्रमिक वस्तीत चित्र म्हणजे मुख्यतः छापील चित्रच होते. त्या दृष्टीला गायतोंडे यांचे चित्र काय देऊ शकते, हा प्रश्न आजवर फारसा विचारला गेलेला नाही.

चाळीच्या भिंतीवरील चित्र

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. त्या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभारलेल्या २०७ इमारतींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधोमध लांबच लांब अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंस समोरासमोर दारे अशी त्यांची रचना. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या खोल्यांतून गिरणी कामगार, पालिकेचे कर्मचारी, पोलीस, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे, तसेच आंबेडकरी चळवळीत घडलेल्या पिढ्या राहिल्या. या वस्तीचा सामाजिक इतिहास अन्यत्र लिहिला गेला आहे. येथे केवळ तिच्या भिंतींकडे पाहावयाचे आहे.

या भिंतींवर चित्रे होतीच. बाबासाहेबांची तसबीर, तथागतांची प्रतिमा, विठ्ठल-रखुमाई, गणपती, गावच्या देवाचा फोटो, आणि या सर्वांच्या शेजारी एखाद्या दुकानाचे वा बँकेचे कॅलेंडर. ही सारी चित्रे छापील. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि देवघरातील प्रतिमा मध्यमवर्गाच्या व पुढे श्रमिकांच्या भिंतीवर आली, हा इतिहास कलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र त्यातून घडलेल्या दृष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. छापील चित्राचे मोल ते एकमेव असण्यात नसते. बाबासाहेबांची जी तसबीर या खोलीत आहे तीच समोरच्या खोलीत आहे, आणि तीच नायगावलाही आहे. या सारखेपणातूनच ती प्रतिमा एका समाजाची होते. ‘मूळ’ आणि ‘प्रत’ असा कलाबाजारातील भेद या भिंतीला ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही.

गायतोंडे यांची वाटचाल

गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, आईवडील गोमंतकीय, बालपण गिरगावातील चाळीत गेलेले. गिरगावची वाडी आणि वरळीची बीडीडी चाळ या एक नव्हेत. जातीची, मिळकतीची आणि शेजाराची घडण दोन्हीकडे निराळी आहे. म्हणून गायतोंडे यांना सरसकट ‘चाळीतला चित्रकार’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि कमी जागेत, माणसांच्या सततच्या वावरात वाढणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते एवढे निश्चित.

सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका, त्यानंतर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध, लघुचित्रांचा आणि पॉल क्लेचा अभ्यास, १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिले पारितोषिक, १९६४ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कचा प्रवास, १९७१ मध्ये पद्मश्री आणि पुढे दिल्लीतील निजामुद्दीन भागात वास्तव्य, हा त्यांच्या कारकिर्दीचा ठळक आलेख होय. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ थांबले आणि कागदावरील शाईच्या रेखांकनांकडे ते वळले. स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ ही संज्ञा त्यांना अधिक जवळची वाटे.

रूळ, सुरी आणि कागद

१९६० च्या सुमारास गायतोंडे यांच्या हातातून कुंचला बराचसा दूर झाला आणि त्याची जागा रूळ व पॅलेट नाइफ यांनी घेतली, ही त्यांच्या कलेतील निर्णायक घटना मानावी लागेल. रूळ हे मुद्राचित्रकाराचे साधन आहे. शाई एकसारख्या पातळ थरात पसरविण्यासाठी ते वापरतात. कुंचल्याच्या फटकाऱ्यात हाताची सही उमटते. रुळाने ती बरीचशी पुसली जाते. पातळ केलेला तैलरंग रुळाने पसरायचा, तो ओला असताना सुरीने खरवडायचा, वाळला की पुन्हा वर दुसरा थर द्यायचा, अशा क्रमाने त्यांचा पृष्ठभाग तयार होई.

पुढच्या टप्प्यात वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले कागद आले. रंग लागलेला कागदाचा तुकडा कॅनव्हासवर दाबून उचलला की, त्याचा काही रंग तेथे राहतो आणि खालच्या ओल्या थराचा काही भाग कागदाबरोबर निघून येतो. उरतो तो आकार ना रेखाटलेला असतो ना रंगविलेला. ज्या आकारांना समीक्षकांनी ‘गूढ चिन्हलिपी’ म्हटले आहे, त्यांपैकी अनेकांच्या कडा फाटलेल्या कागदाच्या कडा आहेत. ही क्रिया तंत्रदृष्ट्या एकछाप मुद्राचित्राच्या, म्हणजे मोनोप्रिंटच्या, अगदी जवळची आहे. वर्तमानपत्र हे शहरातील सर्वांत सर्रास छापील वस्तू. त्याचा तुकडा येथे मजकूर गमावून स्वतःच छापाचे साधन होतो.

या ठिकाणी अमेरिकन रंगक्षेत्र चित्रकलेशी तुलना उपयुक्त ठरते. हेलन फ्रँकेन्थेलर यांनी १९५२ मध्ये ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रात पातळ रंग कच्च्या कॅनव्हासमध्ये मुरविला. पुढे १९६० च्या दशकापासून त्या मुद्राचित्रणाकडेही वळल्या. २००० मधील ‘मादाम बटरफ्लाय’ या त्यांच्या काष्ठछापासाठी ४६ ठसे आणि १०२ रंग वापरले गेले. मुरलेल्या रंगाचा ओलेपणा लाकडाच्या ठशातून काढण्यासाठी कुशल कारागिरांची फौज लागली. त्यांनी आपले चित्र छापखान्यात नेले आणि त्याच्या अनेक प्रती झाल्या. गायतोंडे यांनी छापखान्याची साधने कॅनव्हासवर आणली आणि त्यातून जे निपजले त्याची दुसरी प्रत निघू शकत नाही. पुनरावृत्तीसाठी जन्मलेले तंत्र पुनरावृत्तीला नकार देण्यासाठी वापरणे, हा त्यांच्या कलेतील खरा ताण आहे. ‘मौन’ हा शब्द उच्चारताच नेमका तोच दिसेनासा होतो.

आक्षेप आणि त्याचे स्वरूप

दलित साहित्यानंतरच्या मराठी समीक्षेतून अमूर्त कलेवर एक आक्षेप सातत्याने येतो. ज्या समाजाला आपला चेहरा प्रथमच चित्रात पाहावयाचा आहे, त्याला चेहराच नसलेले चित्र काय कामाचे? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. बाबासाहेबांची छापील तसबीर हे त्याचे जिवंत प्रमाण आहे. शिवाय मौनालाही जागा लागते. ऐंशी बिऱ्हाडांच्या इमारतीत, मधल्या बोळातून रात्री पाळी संपवून येणाऱ्यांची पावले वाजत असताना, मौन ही आध्यात्मिक निवड राहत नाही. तो जागेचा आणि पैशाचा प्रश्न होतो. संसाराचा व्याप न घेता एका खोलीत वर्षाला मोजकीच चित्रे करणे गायतोंडे यांना जमले, याचे श्रेय त्यांच्या निग्रहाला आहे. पण असा निग्रह परवडण्यासाठी काही परिस्थिती लागते, हे समीक्षेने सांगितले पाहिजे.

तथापि हा आक्षेप गायतोंडे यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्यावरील भाष्याला अधिक लागू पडतो. ‘ध्यानमग्न अवकाश’ अशा भाषेने चित्राभोवती सोवळे उभे केले की, गिरणीत वा छापखान्यात काम केलेला प्रेक्षक आपोआप बाहेर राहतो. उलट रूळ, खरवड, थर आणि वाळण्याचा काळ यांच्या भाषेत बोलले, तर ज्याने भिंतीवर चुन्याचे हात दिले आहेत, त्यालाही या चित्रात शिरता येते. रंगाचा थर किती पातळ आहे आणि खालचा रंग कोठून डोकावतो, हे त्याला एखाद्या कलासमीक्षकापेक्षा लवकर कळण्याचीच शक्यता अधिक.

किंमत आणि दर्शन

डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे १९७९ मधील चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि सामान्य वाचकाला हे नाव प्रथम आकड्याच्या रूपाने कळले. त्यानंतर तो आकडा चढतच गेला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. आकड्याच्या बातमीबरोबर चित्राचा जो छोटा छाप वर्तमानपत्रात येतो, त्यात थरांची पारदर्शकता पूर्णपणे हरवते आणि उरतो तो एक पिवळा वा तांबडा चौकोन. मग ‘यात काय आहे?’ असे कोणी विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्या छापात खरोखरच काही नसते. रविवर्म्याचे चित्र छपाईत निभावून जाते. गायतोंडे यांचे चित्र तेथे कोसळते, आणि म्हणून ते प्रत्यक्षच पाहावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रे आहेत. वरळीपासून हे अंतर फार नाही, पण पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना तेथे नेण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयांत रुजलेली नाही.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतील ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर आले. तसबिरी नव्या भिंतींवर गेल्या असतील. जुन्या खोलीत भिंतीपासून फार तर दहा-बारा फूट मागे सरता येत असे, आणि तेथील माणसाची चित्र पाहण्याची सवय याच अंतरावर घडली. गायतोंडे यांचे पाच-सहा फूट उंचीचे उभे कॅनव्हास दालनाच्या दुसऱ्या टोकावरून धुक्यासारखे एकजीव दिसतात. कागदाची फाटलेली कड, रुळाची सांधणी आणि सुरीने उघडा पडलेला खालचा रंग जवळ गेल्यावरच, दहा फुटांच्या आत, दिसू लागतो.