लक्ष्मीबाईंचा नकार आणि आपली ‘सेवा’

आयटीत काम करणाऱ्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ‘सर्व्हंट लीडर’ हा शब्द बायबलमध्ये वाचलेला नाही, तो स्क्रमच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेला आहे. २०१७च्या स्क्रम गाइडमध्ये स्क्रम मास्टरला टीमचा ‘सर्व्हंट लीडर’ म्हटलं होतं. २०२०च्या आवृत्तीत तो शब्द गेला आणि सेवा करणारे खरे पुढारी, अशा अर्थाचं वाक्य आलं. शब्द रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, १९७०च्या एका निबंधात. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत उभी हयात घालवलेला हा माणूस. पुढाऱ्याला लावायची एक कसोटीही त्यांनी सांगितली होती: ज्यांची सेवा होते ती माणसं वाढतात का, अधिक मोकळी आणि स्वतंत्र होतात का?

कसोटी चांगली आहे, पण एक प्रश्न तिच्यात मागे पडतो. पुढारी सेवा करतो म्हणतात, तेव्हा भांडी कोण घासतं? त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का? हा प्रश्न मनात ठेवून मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचलं, आणि शाळेत वाचलेल्या उताऱ्यांपेक्षा फार वेगळं पुस्तक हाती लागलं.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. आपल्याला ते माहीत असतं ते विनोदी पुस्तक म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे विसरभोळे, उदार, तापट कवी आणि त्यांची बायको मिश्कील, खमकी, हजरजबाबी. पाठ्यपुस्तकं, कथाकथनं आणि नाट्यप्रयोग यांनी हीच जोडी आपल्यासमोर ठेवली. ती खोटी नाही. पण आजच्या वाचकाने हसणं क्षणभर थांबवून नुसत्या घटनांची यादी करून पाहावी. नवरा न सांगता घर सोडून जातो आणि कधी परतेल ते कुणालाच माहीत नसतं. पगार हातात पडताच वाटून टाकतो. नोकरी धरतो, सोडतो. रागाच्या भरात टोकाला जातो, मग पश्चात्तापाने तितक्याच टोकाला जातो. घरातल्या बाईने प्रत्येक वेळी नव्याने संसार मांडायचा आणि पुढचं वादळ कधी येईल याचा अंदाज घेत जगायचं. आज समुपदेशक याला जे नाव देतील, ते त्या काळी कुणाकडेच नव्हतं. लक्ष्मीबाईंकडेही नव्हतं.

त्याची मुळं त्या बारकाईने दाखवतात. त्यांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७नंतर आजोबांना झालेल्या फाशीचा धक्का वडिलांच्या मनात सोवळ्याचं वेड होऊन बसला. घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचं आणि सगळ्या बायकामुलांनी त्या भीतीच्या तालावर उठायचं-बसायचं. अकराव्या वर्षी लग्न होऊन ही मुलगी ज्या घरात गेली, तिथेही सासऱ्यांचा जाच होता. नारायण टिळकांनी लहानपणी स्वतःच्या आईचे हाल पाहिले होते आणि आई गेल्यावर घर सोडलं होतं. म्हणजे दुखावलेली माणसं दुखावलेल्या माणसांच्या पदरात पडत होती. लक्ष्मीबाई हे सांगतात, पण त्याचं समर्थन म्हणून वापर करत नाहीत. टिळकांचं बालपण कळल्यावर आपल्याला त्यांची कणव येते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला त्रास मात्र त्यामुळे कमी झाल्याचं पुस्तकात कुठेही सुचवलेलं नाही.

पुढची गोष्ट आमच्या भागातून जाते. वर्ध्याहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या नागपुरात टिळक दांपत्य राहत होतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना, १८९३च्या सुमाराला, टिळकांना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. मनुष्य सत्याच्या शोधात होता यात शंका नाही. जातिभेदाविरुद्ध, माणसांच्या सेवेसाठी त्यांना आयुष्य द्यायचं होतं यातही नाही. पण त्या शोधाची किंमत पहिल्यांदा भरली ती पदरात लहान मूल असलेल्या आणि एका दिवसात ना सधवा ना विधवा झालेल्या बाईने. तिला त्या काळात आधार दिला तो तिच्या सनातनी हिंदू नातेवाइकांनी. ‘अंधारातून उजेडाकडे’ अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांना ही बाब अडचणीची आहे.

इथे वर्ध्याच्या माणसाला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सेवाग्रामला गेलात तर बापू कुटी आणि बा कुटी दोन्ही दिसतात. १९४०मध्ये शेगावचं नावच सेवाग्राम झालं, इतका हा शब्द आमच्या मातीत मुरलेला आहे. पण गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये डर्बनची १८९८ची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांच्या घरी एक कारकून राहत होता. तो ख्रिस्ती होता, त्याचे आईबाप पंचम म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले. त्याचं मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावं, आणि नुसतं उचलू नये तर हसतमुखाने उचलावं, असा गांधीजींचा आग्रह होता. बा रडत रडत जिना उतरल्या तेव्हा त्यांनी बांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. बांनी त्यांना लाज काढणारा प्रश्न विचारला, तेव्हा ते भानावर आले.

इथे जातीचा प्रश्न बाजूला सारून चालणार नाही. बांना जे नको होतं त्यात अस्पृश्यतेचा संस्कार होता आणि तो मोडायलाच हवा होता. पण ‘हसतमुखाने’ या अटीकडे पाहा. काम करून घेणं ही झाली सत्ता. काम करणाऱ्याने आनंदीही दिसावं, ही त्याच्या मनावरची सत्ता. सेवेच्या नावाखाली होणारा छळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. गांधीजींचं मोठेपण असं की त्यांनी ते लपवलं नाही. बहुतेक सेवक-पुढारी लपवतात.

हे मी पुस्तकांतून शिकले असं नाही. कॉलेजात असताना एका प्रार्थनागटात मी तीन वर्षं होते. तिथला पुढारी स्वतःला ‘सगळ्यांचा चाकर’ म्हणवायचा. खुर्च्या मांडायला, पाहुण्यांचं जेवण रांधायला, रात्री अकराला फोन उचलायला आम्ही मुली. कंटाळा आला म्हटलं की ‘तुझ्यात अजून मीपणा आहे’ हे ठरलेलं उत्तर. काही काळाने मला माझा थकवा पाप वाटू लागला. बाहेर पडल्यावर सावरायला दोन वर्षं आणि एक चांगली समुपदेशक लागली. त्यानंतर सगळ्यात जड गेला तो भल्या माणसांचा प्रश्न: ‘मग आता सेवेत परत कधी येणार?’

त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’तला मधला काळ, बाप्तिस्म्यानंतरचा दुराव्याचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विनोदाच्या नादात वाचक तो पटकन ओलांडून जातो. या काळात लक्ष्मीबाई मोडतात, अगदी वेडाच्या काठाला जातात. पण याच काळात त्यांचा नकारही उभा राहतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. पुढे अहमदनगरला त्याच्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही आपलं सोवळं आणि आपलं खाणंपिणं त्यांनी वेगळं ठेवलं. त्या नकारात जातीचा अहंकार होताच. लक्ष्मीबाई तो झाकत नाहीत. पण तो त्यांचा स्वतःचा होता आणि म्हणूनच तो सोडण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच राहिला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी झगडून सोडवला. उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. कस्तुरबांकडून जे ओढून करवून घेण्याचा प्रयत्न झाला, ते लक्ष्मीबाईंनी आपल्या वेळी, आपल्या पायांनी जाऊन केलं. दोन्हीकडे मोडलं ते सोवळंच. फरक तो मोडण्याच्या रीतीत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय सेवक-नेतृत्वावरच्या प्रत्येक प्रवचनात येतो. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. प्रवचनात सांगतात: बघा, नम्र व्हा. पण त्या प्रसंगातल्या दोन गोष्टी क्वचितच सांगितल्या जातात. एक, रुमाल बांधण्याआधीच शुभवर्तमानकार नोंदवतो की आपण कुठून आलो आणि कुठे जाणार हे येशूला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे वाकणारा माणूस स्वतःला हरवून बसलेला नव्हता. दोन, पेत्र आधी नकार देतो. त्याला ओढत नेलं जात नाही. त्याच्याशी बोलणं होतं आणि मग तो पाय पुढे करतो. खोलीत अधिकार ज्याच्याकडे होता तोच वाकला. एका शिष्याला दुसऱ्याचे पाय धुवायला लावून त्याचं श्रेय गुरूने घेतलं, असं तिथे झालेलं नाही. ज्याचं स्वत्व आधीच खरवडून काढलंय, त्याला ‘स्वतःला रितं कर’ म्हणून सांगणं हा त्या अध्यायाचा अर्थ होऊ शकत नाही. रितं करायला आधी भरलेलं काहीतरी लागतं.

लक्ष्मीबाईंच्या उत्तरायुष्यात हे भरलेपण दिसतं. त्यांच्या घरात पोरकी मुलं वाढली. १९१९मध्ये टिळक गेल्यावर त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं, पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला गेल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं होतं. त्यांच्या हातून दहाएक अध्याय झाले. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी रचले, जिला शाळेचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं त्या बाईने. नवऱ्याचं अपुरं काम पुरं करणारी पतिव्रता असं याकडे पाहता येईल. पण आकडे पाहिले की प्रश्न पडतो: काम नक्की कुणाचं?

‘स्मृतिचित्रे’चंही असंच आहे. मुलाला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे हेही सेवेचंच काम होतं, थोर पुरुषाच्या चरित्राला सामग्री पुरवण्याचं. आठवणी पुरवता पुरवता बाई स्वतःची गोष्ट सांगून गेली आणि आज टिळकांना बहुतेक वाचक तिच्या पुस्तकामुळे ओळखतात. टिळक कुठे थोर दिसतील आणि कुठे हास्यास्पद, हे आता ती ठरवते. या पुस्तकातला विनोद मला क्षमेचा पुरावा वाटत नाही, तसा तो लपवाछपवीही वाटत नाही. ज्याच्या पावलांच्या आवाजावर एके काळी घरातली हवा बदलत होती, त्याच्याकडे निवांत बघता येणं, इतका तो विनोद आहे. प्रेमही आहे त्यात, भरपूर. पण ते घाबरलेलं प्रेम नाही.

पुस्तकाची एक मर्यादाही सांगायला हवी. लक्ष्मीबाई दुःखापाशी थांबत नाहीत. एका वाक्यात कडेलोट आणि पुढच्या वाक्यात कोटी, असा त्यांचा वेग आहे. त्या वेगामुळेच पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना ‘काय गोड भांडायचे दोघं’ म्हणून सुटका करून घेता आली. छळातून जात असलेल्या एखाद्या मुलीने हे पुस्तक वाचलं तर ‘तिने हसत सोसलं, तूही सोस’ असं ऐकवायला आसपासची माणसं मोकळी राहतात. तिने हे लक्षात ठेवावं की लक्ष्मीबाई हसत लिहितात ते साठीच्या आसपास, टिळक गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सोसताना त्या हसत होत्या असं पुस्तक म्हणत नाही.

चर्चमध्ये ‘साक्ष’ देण्याची एक ठरलेली चाल असते: आधी दुःख, मग विश्वास, मग सगळं छान. ‘स्मृतिचित्रे’ त्या चालीत बसत नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तापटच राहतात, विसरतात, पैसे वाटतात, नवनव्या कल्पनांमागे धावतात. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडतात. कल्पना उदात्त, आणि घरखर्चाची चिंता पुन्हा बायकोच्या माथी. विश्वासाने नवरा दुरुस्त करून दिला नाही. बायको बदलली, तिचं त्या घरातलं उभं राहणं बदललं. श्रद्धेकडून याहून जास्त आश्वासन देणाऱ्यांपासून मी आता जरा लांबच असते.

‘सेवेत परत कधी येणार’ या प्रश्नाचं माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. सध्या रविवारी मी मागच्या बाकावर बसते आणि प्रार्थना संपली की कुणाच्या खुर्च्या न उचलता घरी येते. परवा एका काकूंनी स्वयंपाकाच्या यादीत नाव घालू का म्हणून विचारलं. मी या महिन्यात नको म्हटलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळल्या.