प्रोफेसर गोडबोल्यांचा हेल

ब्रिटिश नटांना आज जगभर मागणी आहे आणि तिच्यामागे त्यांच्या चेहऱ्याइतकाच त्यांचा कान आहे. ‘हाउस’ या मालिकेतला तिरसट डॉक्टर आठ वर्षं अस्सल अमेरिकी वाटला, पण तो रंगवणारा ह्यू लॉरी ऑक्सफर्डचा. ‘द वायर’मध्ये बाल्टिमोरचा गुन्हेगार झालेला इद्रिस एल्बा लंडनच्या हॅकनीतला आणि त्याच्या मागावरचा पोलीस झालेला डॉमिनिक वेस्ट शेफील्डचा. ‘किलिंग ईव्ह’मधली रशियन मारेकरी जोडी कोमरने अशी वठवली की २०१९ मध्ये बाफ्टा पुरस्कार घेताना ती आपल्या घरच्या लिव्हरपुली ढंगात बोलू लागली, तेव्हा कित्येक प्रेक्षक चक्रावले.

असा तयार कान आपल्याकडे वळतो तेव्हा मात्र त्याला काय होतं? भारतातल्या दहा प्रांतांचं दहा तऱ्हांचं इंग्रजी त्याला एकच का ऐकू येतं? माझं म्हणणं असं की नक्कल किती खरी उतरेल हे नटाच्या गळ्यापेक्षा ती ऐकायला समोर कोण बसलंय यावर जास्त ठरतं. ब्रिटनमधल्या भारतीय हेलांचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास तपासला की हे स्पष्ट दिसतं.

आधी या कलेचं बळ कुठून आलं ते पाहू. इंग्लंडात कोसाकोसावर बोली बदलते. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवून तिथल्या जुन्या शेतकऱ्यांची बोली टिपून घेतली. त्यातच हेलाला वर्गाची जोड मिळाली. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि एका विशिष्ट वर्गाची बोलण्याची पद्धत प्रतिष्ठित ठरली. हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स १९४१ मध्ये राष्ट्रीय बातम्या वाचू लागला, तेव्हा त्याचा यॉर्कशरचा हेल ऐकून श्रोत्यांनी तक्रारी केल्या. नाट्यशाळांत लंडनबाहेरून आलेल्या मुलांची बोली घासून काढली जाई. अल्बर्ट फिनी, टॉम कोर्टनी या नटांच्या पिढीने ती परत मंचावर आणली, आणि १९९२ मध्ये बॅरी रटर यांनी ‘नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स’ काढून शेक्सपिअरच उत्तरेच्या बोलीत उभा केला. थोडक्यात, ज्या समाजात हेल बदलला की नशीब बदलतं, तिथे हेल उचलणं ही जगण्याची गरज होते. शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलं ते याच गरजेच्या पोटातून. पु. लं.नी त्याच्या केलेल्या रूपांतरात, ‘ती फुलराणी’त, १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांनी हेल बदलावा लागण्याची ती वेदना मराठी घराघरांत पोचवली, कारण शुद्ध-अशुद्धाचं ओझं आपणही वाहिलेलं आहे.

या गरजेतून शास्त्र तयार झालं. रॉयल शेक्सपिअर कंपनीत सिसली बेरी यांनी चार दशकांहून अधिक काळ नटांच्या आवाजावर काम केलं. चित्रपटांना बोलीचे स्वतंत्र प्रशिक्षक मिळू लागले. टेक्ससच्या रेने झेलवेगरची ‘ब्रिजेट जोन्स’ लंडनकर वाटते त्यामागे बार्बरा बर्करी यांची शिकवणी आहे. हे प्रशिक्षक शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्यावर थांबत नाहीत. तोंडाची ठेवण, जबड्याचा ताण, वाक्याचा चढउतार अशा अंगांनी ते हेल बांधतात. लिव्हरपूलचा ‘क’ शेवटी पुरता बंद होत नाही, घशाजवळ खरखरत सुटतो. उत्तर इंग्लंडात ‘कप’मधला स्वर ‘पुट’मधल्या स्वरासारखा येतो, त्यामुळे आपल्या कानाला ‘कुप’ ऐकू येतं. यॉर्कशरमध्ये ‘द’ हे उपपद आक्रसून घशातल्या एका अटकावाएवढं उरतं. इतक्या बारकाव्याने काम केलं की मग नट त्या गावचा होतो.

चुकलं तर काय होतं? ‘मेरी पॉपिन्स’मध्ये डिक व्हॅन डाइकने लंडनच्या कॉकनी माणसाचं इंग्रजी असं काही बोलून दाखवलं की १९६४ पासून लंडनकर ते विसरले नाहीत. २०१७ मध्ये बाफ्टाचा सन्मान मिळाला तेव्हा त्याने माफी मागितली. ‘पीकी ब्लाइंडर्स’मधल्या काही पात्रांच्या बोलीत लिव्हरपूल शिरतंय, हे बर्मिंगहॅमच्या लोकांनी लगेच सांगितलं. या कलेचा राखणदार तो गावकरी प्रेक्षक आहे. तो जागा असतो, म्हणून नट आळस करत नाही.

भारतीय हेलांना असा राखणदार कित्येक वर्षं मिळाला नाही. १९६० चा ‘द मिलिअनेरेस’ बघा. मूळ नाटक शॉचंच आणि त्यातला डॉक्टर इजिप्तचा. चित्रपटात पीटर सेलर्ससाठी तो भारतीय केला गेला आणि त्याचं नाव ठेवलं अहमद अल कबीर. दिग्दर्शक होते अँथनी ॲस्क्विथ. यांनीच १९३८ मध्ये ‘पिग्मॅलियन’चं सहदिग्दर्शन केलं होतं, ज्यात लंडनच्या एका रस्त्याची बोली दुसऱ्या रस्त्याहून निराळी ओळखणारा प्राध्यापक नायक आहे. लंडनच्या गल्ल्यांना मिळालेला हा मान आपल्या अख्ख्या उपखंडाला मिळाला नाही.

सेलर्स मोठा कलावंत होता, हे मान्य केलंच पाहिजे. रेडिओवरच्या ‘द गून शो’त त्याने एकट्याने कितीतरी माणसं उभी केली. महायुद्धात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर तो भारतात फिरला होता, म्हणजे त्याने हे आवाज प्रत्यक्ष ऐकले होते. तरीही त्याच्या डॉक्टरचं गाव सांगता येत नाही. त्या चित्रपटाच्या निमित्ताने निघालेलं गाणं गाजलं, १९६८ मध्ये ‘द पार्टी’त त्याने बक्षी नावाचा भारतीय उभा केला आणि ‘भारतीय हेल’ नावाचा तयार साचा पडला. अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’मधल्या अपूला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने सेलर्सच्या त्या बक्षीचा प्रभाव मान्य केला आहे. २०२० मध्ये त्याने ते काम सोडलं. नकलेवरून नक्कल होत गेली आणि मूळ माणसाकडे परत जाऊन ऐकण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आपल्याला जास्त लागणारं उदाहरण देवळालीचं आहे. बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ १९७४ ते १९८१ चालली. नाशिकजवळच्या देवळाली छावणीतलं करमणूक पथक हा तिचा विषय आणि लेखक जिमी पेरी स्वतः त्या छावणीत राहून आलेले. पण मालिकेतली मुख्य भारतीय पात्रं म्हणजे रंगी राम, मुहम्मद आणि रमझान. रंगी राम झाला होता चेहरा रंगवलेला मायकेल बेट्स. त्याचा जन्म झाशीचा, हिंदुस्तानी बोलणं त्याला येत होतं आणि ते त्याच्या कामात जाणवतंही. नाशिकचा माणूस मात्र या देवळालीत ठळकपणे कुठे बोलत नाही.

मग १९८२ आणि १९८४. रिचर्ड अटेनबरोंच्या ‘गांधी’त डॉ. श्रीराम लागू यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची छोटी भूमिका केली. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा, कोकणातून आलेला, इंग्रजीवर हुकमत असलेला विद्वान मराठी माणूस, आणि ती भूमिका करणारा मराठी नट, शिवाय पेशाने घशाचा डॉक्टर. दोनच वर्षांनी डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त ॲलेक गिनेस झाले प्रोफेसर नारायण गोडबोले. फॉर्स्टरने मूळ कादंबरीत गोडबोल्यांना दख्खनी ब्राह्मण म्हटलं आहे. तो स्वतः १९२१ मध्ये देवासच्या मराठा महाराजांचा खासगी चिटणीस होता, मराठी माणसं त्याने जवळून पाहिली होती. गिनेससारख्या नटाने केलेले गोडबोले संथ आहेत, मृदू आहेत, गूढ आहेत. पण त्यांचं इंग्रजी ऐकून हा माणूस पुण्याचा, रत्नागिरीचा की काशीचा हे कळत नाही. गोखले आणि गोडबोले, दोघेही प्राध्यापक, दोघेही एकाच समाजातले; पडद्यावर एकाला गाव मिळालं, दुसऱ्याला नुसतं गूढ वलय.

आणि मराठी इंग्रजीला ओळखू येईल अशी ठेवण नाही असं थोडंच आहे! पंजाबी माणूस ‘सकूल’ म्हणतो, उत्तर प्रदेशातला ‘इस्कूल’. मराठी जीभ ‘स्कूल’ अडखळल्याशिवाय म्हणते. हिंदी भाषक ‘जीरो’ म्हणतो तिथे आपण ‘झिरो’ म्हणतो आणि तो ‘झ’ ‘झाडा’तला असतो, दातांजवळ घासून आलेला. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर आपण नीट वेगळे ठेवतो. ‘फोन’ आणि ‘फळ’ यांचा ‘फ’ पुष्कळ जण सारखाच काढतात. इंग्रज ज्या अक्षरांना गिळून टाकतो त्यांना मराठी माणूस पूर्ण वजन देतो, म्हणून त्याचं इंग्रजी ठाशीव वाटतं. जीभ वळवून काढलेले ‘ट’ आणि ‘ड’ हा बहुतेक भारतीयांचा समान भाग. सेलर्सच्या साच्याने तेवढाच उचलला आणि माणसामाणसांत फरक करणारं बाकी सगळं गाळून टाकलं.

बदल झाला तो राखणदार आल्यावर. भारतीय कुटुंबांची ब्रिटनमध्ये वाढलेली पिढी लिहू-बोलू लागली. ‘गुडनेस ग्रेशस मी’ १९९६ मध्ये रेडिओवर आणि १९९८ मध्ये बीबीसी टू वर आलं. नाव मुद्दाम सेलर्सच्या गाण्यावरून घेतलेलं. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी तो हेल आपल्या ताब्यात घेतला. त्यातल्या एका प्रवेशात मुंबईची मित्रमंडळी दारू पिऊन ‘इंग्लिश जेवायला’ जातात आणि जेम्स नावाच्या वेटरच्या नावाची यथेच्छ वाट लावतात. त्या एका उलटापालटीने ब्रिटिश प्रेक्षकाला आपल्याच सवयीचा आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकवला. या मंडळींची नक्कल चांगली होती, कारण ती आईबापांच्या, काकामामांच्या आवाजावरून केलेली होती आणि ते काकामामा संध्याकाळी टीव्हीसमोर बसणार होते.

तरीही काम पुरं झालेलं नाही. देव पटेलची कारकीर्द बघा. लंडनच्या हॅरोत वाढलेला हा नट ‘स्लमडॉग मिलिअनेअर’मध्ये जुहूच्या झोपडपट्टीतला जमाल झाला. लहानपणीचा जमाल हिंदी बोलतो, मोठा जमाल इंग्रजी बोलतो आणि त्या इंग्रजीत मुंबईपेक्षा हॅरो जास्त ऐकू येतं. ‘लायन’मध्ये टास्मानियात वाढलेल्या मुलाच्या ऑस्ट्रेलियन हेलासाठी त्याने महिनोन्‌महिने मेहनत घेतली; त्या भूमिकेला बाफ्टा मिळाला. नट तोच, ताकद तीच. फरक एवढाच की ऑस्ट्रेलियन हेल चुकला तर आरडाओरडा होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जुहूचा चुकला तर विचारणारं कोणी नव्हतं.

गेल्या काही वर्षांत चर्चा वेगळ्याच दिशेने गेली आहे: कोणी कोणाची नक्कल करावी? २०२० मध्ये ‘लिटल ब्रिटन’ त्यातल्या रंगवलेल्या चेहऱ्यांमुळे प्रसारण मंचांवरून काढलं गेलं. ते योग्यच झालं असं मी मानतो. काही दिग्दर्शकांनी परदेशी हेलच सोडून दिला. ‘द डेथ ऑफ स्टालिन’मध्ये जेसन आयझॅक्सचा मार्शल झुकॉव्ह यॉर्कशरच्या रांगड्या ढंगात बोलतो आणि ‘चेर्नोबिल’मधले सोव्हिएत शास्त्रज्ञ साधं ब्रिटिश इंग्रजी बोलतात. हा मार्ग प्रामाणिक आहे. खोट्या रशियन हेलापेक्षा तो शतपटीने बरा. पण ‘कोणी करावी’ या प्रश्नाने ‘कशी करावी’ हा प्रश्न झाकला जाता कामा नये. भारतीय आडनावाचा नट घेतला की दिग्दर्शकाचं काम संपतं, या समजुतीतून नवा आळस जन्मतो. बर्मिंगहॅमच्या पंजाबी घरातला नट सोलापूरच्या माणसाची भूमिका करणार असेल, तर त्यालाही शिकवणी हवी, जशी झेलवेगरला हवी होती. ‘द ब्रुटलिस्ट’मध्ये हंगेरियन संवाद यंत्राच्या मदतीने सुधारल्याचं २०२५ मध्ये उघड झालं आणि वाद पेटला. त्यातला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो: चित्रपटाचा संकलक स्वतः हंगेरियन भाषक होता आणि त्याच्या कानाला ते संवाद पुरते पटत नव्हते. यंत्र आलं तरी राखणदार कान माणसाचाच लागला.

आपल्या रंगभूमीला हे नवीन नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करत. मराठवाड्यातली म्हातारी, तरणी पोरं, गावकारभारी, सगळे वेगळे ऐकू येत, कारण समोरच्या रांगेत परभणी-बीडचा माणूस बसलेला असे. जिथे तो नसे तिथे आपणही घसरलो. ‘माइंड युअर लँग्वेज’ या ठोकळेबाज ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली ‘जबान संभालके’ दूरदर्शनवर आली. हिंदी चित्रपटांनी मराठी मोलकरणीचा एक हेल ठरवून टाकला आणि मराठी नाटकांनी भैयाचा आणि अण्णाचा. ब्रिटिशांकडे बोट दाखवताना हे आपल्या खात्यावर मांडायला हवं.

तेव्हा करण्यासारखं काय आहे? पॉल मायर यांनी १९९८ मध्ये जगभरच्या इंग्रजी बोलींचा ध्वनिसंग्रह सुरू केला. नट आणि प्रशिक्षक तो रोज वापरतात. अशा संग्रहात मराठी इंग्रजी भरपूर आणि गावनिहाय असलं पाहिजे: नागपूरचं, कोल्हापूरचं, मालवणचं, आणि साठच्या दशकात ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी डॉक्टरांचंही, ज्यात लँकेशर किंवा वेल्स मिसळलेलं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्याच्या सभासदांतली ज्येष्ठ मंडळी बोलती आहेत तोवर त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणं हे तिथल्या तरुणांना सहज जमण्यासारखं काम आहे. आणि समीक्षकांनी भारतीय पात्राच्या प्रत्येक भूमिकेबद्दल एक प्रश्न नेमाने विचारावा: हा माणूस कुठल्या गावचा आहे? यॉर्कशरचा माणूस हा प्रश्न शंभर वर्षं विचारत आला, म्हणून त्याला उत्तर मिळतं. आपण विचारू लागलो की आपल्यालाही मिळेल.