ओसाड घरांची साक्ष

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. आमच्याही पडत असे. त्यांतून खेळ ‘झॉम्बीं’चा, म्हणजे मेलेलीं अथवा मेल्यासारखीं माणसें जिवंतांच्या अंगावर धांवून येतात अशा प्रकारचा असला, तर ‘बीभत्साचा बाजार’ एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लावून आम्ही मोकळे होत असूं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा पुतण्या आमच्याकडे राहावयास आला. त्याच्या आग्रहावरून ‘दि लास्ट ऑफ अस’ हा खेळ आम्हीं सात-आठ रात्री त्याच्या शेजारीं बसून पाहिला. खेळला तो, आम्ही मधूनमधून ‘थांब, ती पाटी वाचूं दे’ म्हणून त्याला अडवीत होतों. या लेखांत जें सांगावयाचें आहे तें बव्हंशीं त्या अडवणुकींतूनच निघालें आहे.

कॅलिफोर्नियांतील ‘नॉटी डॉग’ या संस्थेनें हा खेळ २०१३ सालीं प्रसिद्ध केला. २०२२ मध्यें तो नव्या साजांत पुन्हा निघाला. कथा थोडक्यांत अशी: एका बुरशीचा संसर्ग माणसांच्या मेंदूला होऊन अमेरिकेंतील शहरें कोलमडतात, आणि त्यानंतर वीस वर्षांनीं जोएल नांवाचा एक पोक्त, मनानें करपलेला मनुष्य एली नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलीला बॉस्टनहून पश्चिमेकडे घेऊन निघतो. बुरशीची कल्पना अगदींच हवेंतली नव्हे. ‘ऑफिओकॉर्डिसेप्स’ जातीची एक बुरशी उष्ण प्रदेशांतील मुंग्यांच्या शरीरांत शिरते. ग्रासलेली मुंगी आपली नेहमींची वाट सोडून झाडावर चढते, पानाची शीर जबड्यांत घट्ट धरते आणि तेथेंच मरते. मग तिच्या डोक्यांतून बुरशीचा देठ बाहेर येतो. खेळांतील मृत देहही असेच भिंतींना चिकटून फुललेले दिसतात. माणसाच्या शरीराची ऊब या बुरशीला मानवत नाहीं, ही शास्त्राची हरकत आहे. ती आम्ही सोडून देतों. एवढें एक गृहीत मागण्याचा अधिकार कोणत्याही कल्पित कथेला आहे.

आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. या खेळाची स्तुति करणारे बहुतेक जण त्याच्या परिसराच्या हुबेहूबपणावर भाळलेले असतात. गवताचें पातें न् पातें हलतें, भिंतीवरची ओल खरी वाटते, उन्हाच्या तिरिपेंत धूळ दिसते. हें सर्व आहे, पण ही स्तुति कारागिराची आहे, रसिकाची नव्हे. पानें मोजून वास्तवता ठरत असती तर छायाचित्रकारापुढें सगळ्या कादंबरीकारांनीं केव्हांच हात टेकले असते. तपशील खरा वाटतो तो त्याच्या मागें कारण उभें असतें तेव्हां. पिट्सबर्गच्या एका मोठ्या हॉटेलचें तळघर या खेळांत पाण्यानें भरलेलें आहे. ॲलन वाइजमन यांनीं आपल्या ‘दि वर्ल्ड विदाउट अस’ या २००७ सालच्या ग्रंथांत, माणूस नाहींसा झाला तर शहरांचें काय होईल, याचा विचार केला आहे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे कोरडी राहते ती पंप रात्रंदिवस पाणी उपसतात म्हणून. पंप थांबले कीं थोड्याच दिवसांत ती भरून जाईल, असें ते दाखवितात. प्रत्यक्ष उदाहरण हवें असेल तर युक्रेनमधील प्रिप्यात आहे. चेर्नोबिलच्या अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ रोजीं सुमारें ४९,००० वस्तीचें तें शहर एका दिवसांत रिकामें करण्यांत आलें, आणि आज त्याच्या रस्त्यांतून झाडें उभीं आहेत. आधीं डांबराला तडा जातो, तड्यांत माती सांचते, मातींत बीं पडतें, आणि मुळें तो तडा रुंद करीत जातात. हा क्रम या खेळाच्या चित्रकारांना पाठ आहे. म्हणूनच त्यांचीं ओसाड शहरें नाटकाच्या पडद्यासारखीं वाटत नाहींत.

सर्वत्र मात्र नाहीं. जोएल एक जुनी मोटार मिळवितो आणि ती पिट्सबर्गपर्यंत सुखेनैव धांवते. सांठवलेलें पेट्रोल वर्ष-दोन वर्षांतच नासूं लागतें. वीस वर्षांनंतर या मोटारीच्या पोटांत काय जळत होतें, हें खेळकर्त्यांनाच ठाऊक. २०२३ मध्यें याच कथेवर दूरचित्रवाणीची मालिका निघाली, तींत जुन्या पेट्रोलचें सत्त्व जातें असें जोएलच्याच तोंडून वदवून ही चूक सावरून घेतली आहे.

परंतु कार्यकारणाची शिस्त ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेल्या अर्ध्यासाठीं आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची परिभाषा कामास येते. ज्याच्याविषयीं भाव उत्पन्न होतो तें आलंबन, आणि त्या भावाला जें चेतवितें तें उद्दीपन. चांदणें, कोकिळा, उपवन हीं शृंगाराचीं उद्दीपनें. स्मशान, घुबड, अंधार हीं भयानकाचीं. झॉम्बींच्या बहुतेक खेळांत परिसराकडे एवढेंच काम असतें. फुटकी कांच, लुकलुकणारा दिवा, भिंतीवरचा रक्ताचा डाग हीं सारीं एका गड्याच्या येण्याची वर्दी देतात, आणि तो येऊन गेला कीं त्यांचें काम संपतें. ‘दि लास्ट ऑफ अस’मध्येंही अशा वस्तु ढिगानें आहेत. पण एका ठिकाणीं परिसर उद्दीपनाची पायरी सोडून स्वतःच आलंबन होतो. आमच्या मतें या कृतीचें खरें मोल तेथें आहे.

पिट्सबर्गमधून निसटल्यावर जोएल व एली, आणि त्यांना भेटलेले हेन्री व त्याचा धाकटा भाऊ सॅम, असे चौघे पाण्याच्या कांठीं येतात. तेथें एक नाव वाळूंत रुतलेली आहे. तिच्यांत इश नांवाच्या माणसाची चिठ्ठी सांपडते: रोगाची साथ उसळली तेव्हां तो माणसांपासून दूर समुद्रावर पळाला होता आणि आतां नाइलाजानें किनाऱ्यावर परतला आहे. पुढें सांडपाण्याच्या भुयारांत शिरल्यावर त्याचा संसार हळूहळू दिसूं लागतो. आधीं एकट्याचा. मग त्याला एक कुटुंब भेटलें, मग आणखी कांहीं. भिंतीवर राहणाऱ्यांसाठीं नियम लिहिलेले आहेत, मुलांनीं काढलेलीं चित्रें आहेत, शिकण्याची खोली आहे. माणसांना भिऊन पळालेल्या माणसानें माणसांसाठींच पुन्हा घर थाटलें, हें आपल्याला कोणी सांगत नाहीं. खोल्यांच्या क्रमानें तें आपणच जाणतों. आणि मग एक बंद खोली लागते. तींत चादरीखालीं लहान लहान देह झांकलेले आहेत, शेजारीं एका मोठ्या माणसाचा देह आहे, आणि मुलांना यातना झाल्या नाहींत अशा अर्थाचे शब्द जमिनीवर लिहिलेले आहेत. एक दार उघडें राहिलें होतें, एवढेंच कारण. इश स्वतः वांचला. पुढें एका घरांत त्याचें शेवटचें पत्र मिळतें. मुलें गमावलेल्या एका आईशीं काय बोलावें हें त्याला कळत नाहीं.

हा इश सबंध खेळांत एकदांही दिसत नाहीं. त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. तरी त्याच्याइतकी ठसठशीत व्यक्तिरेखा आम्हांला या खेळांत दुसरी आढळली नाहीं, जोएल धरून.

आतां आमची तक्रार. याच भुयारांत, चित्रांच्या भिंतीपासून चार पावलांवर, आमच्या पुतण्यानें एक कात्री उचलली. खेळाचा नियमच तसा आहे: कात्रीचें पातें, चिकटपट्टी, चिंध्या, मद्यार्क गोळा करीत जावयाचें आणि त्यांतून शस्त्रें व मलमपट्ट्या करावयाच्या. परिणाम असा, कीं घरांत शिरतांच खेळणाऱ्याची दृष्टि प्रथम ड्रॉवर शोधते. ज्या तपशिलानें माणूस जिवंत करावयाचा, त्याच तपशिलाची लूट करावयास खेळ शिकवितो. मृताचें पत्र आणि मृताची कात्री एकाच बटणानें हातीं येतात. पुतण्याला आम्हीं हें ऐकविलें तेव्हां तो म्हणाला, ‘काका, जगायचं तर घ्यावंच लागतं ना?’

उत्तर आम्हांला सुचलें नाहीं, कारण ऐन वेळीं भलतीच आठवण झाली. आमच्या थोरल्या आत्याबाई वारल्या तेव्हां त्यांचें कपाट रिकामें करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. आम्हीं त्यांतला पितळी अडकित्ता ठेवून घेतला, लुगडीं वांटलीं आणि कागदपत्र रद्दीवाल्याच्या तराजूंत घातले. त्यांत त्यांच्या रोजखर्चाच्या वह्या होत्या. चाळीस वर्षांचा भाजीचा, दुधाचा, औषधाचा हिशेब. हें ध्यानांत आलें तेव्हां रद्दीवाला निघून गेला होता. अडकित्ता अजून आमच्या टेबलावर आहे.

‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ नांवाचा दुसरा एक खेळ पुतण्यानें तुलनेसाठीं दाखविला. तो अमेरिकेच्या केंटकी राज्यांत १९९३ सालीं घडतो. चित्रें अगदींच साधीं, वरून तिरपें पाहिल्यासारखीं. पण कार्यकारणाची शिस्त त्याच्याकडून शिकावी! कांहीं दिवसांनीं वीज जाते, नळ कोरडे पडतात, शीतकपाटांतलें अन्न नासतें, पावसाचें पाणी सांठवावें लागतें. पेट्रोलसारखी ढिलाई येथें कमी. तथापि त्याचीं घरें एकमेकांसारखीं आहेत. तेथें गरज राहते, माणूस राहत नाहीं. त्या खेळांतील एकाही घराच्या मालकाची आम्हांला आठवण नाहीं.

पहिल्या खेळांत ही आठवण राहते, याचें आणखी एक कारण एली आहे. साथीनंतर जन्मलेल्या या मुलीला जुन्या जगाच्या वस्तु ठाऊक नाहींत. रस्त्यावर संगीत वाजवीत मुलांना आइसक्रीम विकणारी गाडी असे, हें तिला खरेंच वाटत नाहीं. एका ओस पडलेल्या घरांत मुलीची रोजनिशी वाचून, पूर्वींच्या मुलींच्या चिंता एवढ्याच होत्या काय, म्हणून ती चकित होते. आपण ज्याला दुःखाचे अवशेष म्हणून पाहतों, तें तिला सुखाचें दंतकथेंतलें जग वाटतें. एकाच वस्तूवर अशा दोन दृष्टि पडतात.

प्रवासाच्या अखेरीस, सॉल्ट लेक सिटींत, एका पडक्या इमारतीच्या मोकळ्या भगदाडापाशीं एक जिराफ पानें खात उभा असतो, आणि पलीकडे हिरवळींतून त्याचा कळप चाललेला दिसतो. त्या शहरांत प्राणिसंग्रहालय आहे, तेव्हां ते आले कोठून हें समजतें. परंतु तेथल्या हिमांत वीस हिवाळे त्यांनीं कसे काढले, हें पेट्रोलच्या न्यायानें विचारावयास हवें होतें. आम्हीं विचारलें नाहीं. त्या ठिकाणीं उचलण्यासारखें कांहीं नसतें, आणि वाटेल तितका वेळ उभें राहतां येतें. पुतण्यानें कंट्रोलर मांडीवर ठेवला. बऱ्याच वेळानें त्यानें विचारलें, ‘काका, जाऊ पुढे?’ आम्ही म्हणालों, ‘थांब जरा.’