आपला आज्जा कुठल्या रकान्यात?

सध्या मराठवाड्यात जिकडं बघावं तिकडं बापजाद्यांच्या नोंदी हुडकणं चालू आहे. 2023 साली कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती बसली, 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटिअरचा जीआर निघाला, आणि कालपर्यंत 'आमचं घराणं कुणाला माहीत नाही?' म्हणणारे लोक मोडी वाचणारा माणूस शोधत तहसिलीत फिरू लागले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जातपडताळणीत आपल्या पोराला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतातच. त्या तारखेला राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी काढली. त्या तारखेला सोनपेठ हैदराबाद राज्यात होतं आणि आपला आज्जा शाळेच्या बाहेर होता. ज्याला वर्गात बसू दिलं नाही त्याचा शाळेचा दाखला आणा, असा हा न्याय आहे.

म्हणून आपल्यातल्या एका दोस्तानं सूचना काढली की, जुनी वर्तमानपत्रं चाळू. घराण्याचा इतिहास त्यात सापडंल. सूचना चांगली आहे, आणि चांगली आहे म्हणूनच तिची चिरफाड करायला पाहिजे.

जुन्या पेपरातून घराणं शोधायची रीत आपली नाही. ती कुलवृत्तांतवाल्यांची आहे. त्यांनी काय केलं? मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत इथून सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्या पेपरातून भरून काढल्या. अमक्याची मुन्सफ म्हणून नेमणूक, तमक्याचा विवाह, रावसाहेबांचं दुःखद निधन, चिरंजीव बी.ए. झाले. हे सगळं छापून येत होतं, कारण छापणारा, वाचणारा आणि मरणारा एकाच आळीतला होता. त्यांच्या पोरानं पेपर उघडला की आज्जा समोर पागोटं घालून बसलेला. तीच शिडी आपण आपल्या घराला लावली तर ती भिंतीला पोचतच नाही. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 ला निघाला, त्या वेळी पैसे देऊ करूनही 'केसरी'नं त्याची साधी जाहिरात छापली नाही. ही गोष्ट बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवली आहे. जो पेपर पैसे घेऊन आपली जाहिरात छापायला तयार नाही, तो आपल्या आज्ज्याच्या मयताची बातमी फुकट छापंल का?

तरी आपली माणसं त्या पेपरात आहेत. ती वेगळ्या रकान्यात आहेत. चोरीच्या, खटल्याच्या, साथीच्या, दुष्काळी कामाच्या, विहिरीत सापडलेल्या प्रेताच्या बातमीत आहेत. तिथं नाव नसतं, जात असते. 'एक महार', 'मांग जातीची एक बाई'. असल्या बातमीवरून वंशावळ लावता येत नाही. नाव असलं तरी अडचण आहेच. तिकडं पुणे-मुंबईकडच्या जुन्या कागदात आपल्या माणसाच्या नावाला 'नाक' चिकटलेलं असतं, सिदनाक, भिकनाक. इकडं निजामाच्या कागदात 'वल्द' असतं, धोंडिबा वल्द मारुती. आडनाव नंतर आलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावं लावतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तेव्हा आजच्या आडनावानं जुना पेपर चाळणारा माणूस गठ्ठा संपला तरी रिकाम्या हातानं घरी येणार.

त्यात सोनपेठ पडलं निजामाच्या राज्यात. पुण्याच्या पेपरला इकडं कशाला वार्ताहर? हैदराबादेतून मराठीत 'निजाम विजय' निघत होतं, पण सरकारदरबारची भाषा उर्दू, आणि तिकडची मोठी पत्रंही उर्दूत. आपले काही कार्यकर्ते हे ऐकलं की हात झटकतात. अरे, आपल्याच गल्लीच्या पलीकडं उर्दू वाचणारे म्हातारे मास्तर अजून आहेत. त्यांच्यापाशी बसायला काय जातंय? उर्दू ही परक्याची लिपी आहे असं आपल्याला कुणी शिकवलं, याचाही एकदा विचार करा. दुसरं म्हणजे तारखा. जुन्या कागदावर फसली साल असतं. त्यात 590 मिळवा म्हणजे इसवी सन मिळतो. 1357 फसली म्हणजे 1947-48.

तारखेवरून निघालंच तर सांगतो. बामणी पेपराचा आपल्याला खरा उपयोग नाव शोधायला नाही, साल पक्कं करायला आहे. आपली म्हातारी माणसं सालं सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. 'मानमोडीत तिचे दोन्ही भाऊ गेले.' 'रजाकाराच्या धामधुमीत तुझा बाप अंगावर पीत होता.' 'बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन तुझी आत्या जगली.' मानमोडी म्हणजे 1918 ची साथ. पोलिस अ‍ॅक्शन 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली आणि 17 ला निजाम शरण आला. आज्जीचं वाक्य आणि पेपरची तारीख शेजारी ठेवली की बापाच्या जन्माचं साल निघतं. शाळेच्या रजिस्टरात मास्तरानं अंदाजे टाकलेल्या 1 जूनपेक्षा ते जास्त खरं असतं. म्हणजे आज्जी मूळ कागद आणि पेपर तिचा साक्षीदार. विद्यापीठातले लोक हे उलटं करतात. पेपराला मूळ धरतात आणि आज्जीला 'मौखिक परंपरा' म्हणून तळटीपेत घालतात.

आता आपली स्वतःची पत्रं. शिवराम जानबा कांबळ्यांचं 'सोमवंशीय मित्र' 1908 चं. मग 'मूकनायक', 3 एप्रिल 1927 पासून 'बहिष्कृत भारत', 24 नोव्हेंबर 1930 पासून 'जनता', आणि 4 फेब्रुवारी 1956 ला 'जनता'चं 'प्रबुद्ध भारत' झालं. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' शासनानं 1990 साली एका जाड ग्रंथात छापले, तेव्हा ते मिळत नाहीत ही सबब संपली. पण आपण ते वाचतो कसे? अग्रलेख वाचतो. बाबासाहेबांचं वाक्य काढतो, भाषणात टाकतो, टाळी घेतो. पीएचड्याही अग्रलेखांवरच. मागची पानं कोण वाचतो? कुठल्या गावी सभा झाली, अध्यक्षस्थानी कोण होता, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, मदत म्हणून किती रुपये किती आणे कुणी पाठवले. माझ्या मते आपला कुलवृत्तांत तिथं आहे. चार आणे देणाऱ्या माणसाचं नाव, गाव घालून छापणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती! ज्याला गावात 'ए म्हारड्या' म्हणून हाक होती तो तिथं आपल्या नावानं आणि आपल्या गावाचा म्हणून उभा आहे. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याला भरावे लागत होते, पण ही शेवटची नावं एकट्याची नाहीत. मराठवाड्याच्या माणसानं 30 डिसेंबर 1938 च्या मकरणपूरच्या परिषदेपासून धागा धरावा. कन्नड तालुक्यातल्या या परिषदेला बाबासाहेब स्वतः आले होते. भाऊसाहेब मोऱ्यांनी ती भरवली. तिथं पायी गेलेला कुणी आपल्या घरात होता का, हे आधी घरात विचारा आणि मग पेपर हुडका.

आपल्या पत्रांचीही चिकित्सा झाली पाहिजे, तिथं भक्ती कामाची नाही. त्या याद्यांत बायका किती आहेत? फार थोड्या. भाकरी बांधून दिली तिनं, परिषदेला पोर काखेला मारून चालली ती, आणि यादीत नाव त्याचं. 'सोमवंशीय मित्र'नं देवाला सोडलेल्या मुरळीचं पत्र छापलं हा मोठेपणा, पण तो अपवाद. म्हणून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे 1989 चं पुस्तक मला या विषयातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. त्यांनी जुनी पत्रं चाळली आणि त्यावर न थांबता चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना गाठून त्यांच्या तोंडून ऐकलं. कागद आणि माणूस दोन्ही. त्या वाटेनं आपल्या जिल्ह्यात अजून किती जण गेले? पुस्तक कपाटात ठेवून आपण जयंतीची वर्गणी काढतो.

आता जवळचं आणि जळतं. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी, नांदेड जिल्ह्यांत वस्त्या जाळल्या. 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळ्यांना जिवंत जाळलं. आपल्यातल्या पुष्कळ घरांचा इतिहास या दिवसांत तुटतो, भांडी गेली, कागद गेले, माणसं शहराला गेली. म्हणून जो उठतो तो त्या वेळचा पेपर बघायला जातो. जरूर बघा. पण क्रियापद बघा. 'घरे जळाली' आणि 'घरे जाळली' यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि त्या अक्षरात अख्खा गाव लपतो. 'दोन गटांत तणाव' म्हणलं की मारणारा आणि मार खाणारा सारखेच होतात. 'परिस्थिती नियंत्रणात' कुणाच्या नियंत्रणात? तालुक्याचा वार्ताहर कोण होता, तो कुणाचा पाहुणा, बातमी त्यानं वस्तीत येऊन लिहिली का कुणाच्या ओसरीवर चहा पिऊन, हे कळल्याशिवाय ती बातमी पुरावा म्हणून घेऊ नका. त्या वेळी औरंगाबादेतलं वजनदार दैनिक 'मराठवाडा' नामांतराच्या विरोधात उभं होतं. ते पत्र आज नाही, त्याचे अंक आहेत. निजामाशी लढलेलं पत्र नामांतराच्या वेळी असं का वागलं, हा आपल्या समीक्षेचा विषय आहे. त्याच्या शेजारी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मे 1979 ला आलेला अत्याचार विरोधी समितीचा अहवाल ठेवा. समितीनं लोकांना भेटून, चौकशी करून तो लिहिला होता. दोन्ही वाचून झाले की वस्तीतल्या म्हातारीकडं जा.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटत नाही, ती मांडतो. मे 1972 मधे आपल्याच परभणी जिल्ह्यात, ब्राह्मणगावात, दोन बौद्ध बायांची नग्न धिंड काढली. पँथर जन्माला येण्यामागं जे अत्याचार होते त्यांत हा होता. 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधने'त राजा ढालेंनी लिहिलं आणि दलित बाईचं लुगडं फेडणाऱ्याला दंड किती न् राष्ट्रध्वजाचा अपमान करणाऱ्याला किती, याचा हिशेब विचारला. गहजब झाला तो ध्वजावरून. महिनोन्‌महिने पेपरात ध्वज, ढाले, साधना, सभ्यता. बाया गायब. आता समजा, त्यांच्यातल्या एकीचा नातू उद्या घराण्याचा इतिहास शोधायला निघाला. त्याला पेपरात आज्जी सापडंल ती कशी? इतर कुठल्याही दिवशी पेपरला तिची गरज नव्हती. ती किती मैल पाणी वाहायची, तिचा ओव्यांचा गळा कसा होता, तिनं किती पोरं शिकवली, हे कुठंच छापलेलं नाही. तिच्या साऱ्या आयुष्यातला एक दिवस तेवढा छापला, आणि तोही गुन्हेगारांनी निवडलेला. म्हणून असलं कात्रण हाती लागलं तर ते मासिकात छापायचं का पेटीत ठेवायचं, हे ठरवायचा हक्क त्या घराचा आहे. चळवळीचाही नाही. 'अत्याचाराचा पुरावा' म्हणून आपण तिचं नाव पुन्हापुन्हा छापत राहिलो तर आपणही तेच पान उलटतोय.

सोनपेठात काम सुरू करायचं तर मोठ्या ग्रंथालयापासून करू नका. आधी घरातल्या ट्रंका उघडा, त्यांच्या तळाशी अंथरलेला पेपर न फाडता काढा, तारीख बघा. फोटोच्या चौकटीमागचा कागद बघा. मग परभणी, मग छत्रपती संभाजीनगर. वहीत चार रकाने आखा. तारीख, पेपरचं नाव, बातमीचे शब्द जसेच्या तसे, आणि चौथा रकाना ती बातमी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवल्यावर ते काय म्हणाले त्याचा. चौथा रकाना रुंद ठेवा. 1978 चे जुलै-ऑगस्ट महिने पहिल्यांदा घ्या, कारण ते डोळ्यांनी बघितलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत.