संकोचाचे सौंदर्य : मासायुकी सुओ यांचा 'शॅल वी डान्स?' आणि बॉलरूम नृत्याचे आकर्षण

मासायुकी सुओ या जपानी दिग्दर्शकाचा 'शॅल वी डान्स?' हा चित्रपट १९९६ साली प्रदर्शित झाला. त्याच कथेवर त्याच नावाचा चित्रपट पीटर चेल्सम यांनी २००४ साली हॉलिवूडमध्ये केला. दोहोंचे कथानक जवळजवळ एकच आहे. घरदार, नोकरी, बायको, मुले सर्व काही असलेला मध्यमवयीन गृहस्थ संध्याकाळी गाडीतून घरी परतताना नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली एक उदास स्त्री पाहतो, एके दिवशी मध्येच उतरतो आणि घरी न सांगता बॉलरूम नृत्य शिकू लागतो. असे असूनही जपानी चित्रपट मनात घर करून राहतो आणि अमेरिकी चित्रपट एक सुखद करमणूक म्हणून संपतो. हा फरक केवळ अभिनयाचा किंवा दिग्दर्शनकौशल्याचा नाही. बॉलरूम नृत्याची ओढ माणसाला इतकी वर्षे का वाटत आली, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

या नृत्याची मूळ रचनाच विलक्षण आहे. वॉल्ट्झ किंवा फॉक्सट्रॉट नाचताना पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या किंचित खाली असतो. त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात असतो. शरीरे इतकी जवळ, पण नजर मात्र दोघांचीही आपापल्या डावीकडे, जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे. म्हणजे ज्या क्षणी दोन माणसे एकमेकांच्या सर्वांत निकट येतात, त्याच क्षणी ती एकमेकांकडे पाहत नाहीत. परक्या व्यक्तीला स्पर्श करण्याची मुभा हे नृत्य देते, आणि त्या स्पर्शाचा भलता अर्थ लावू नये याची तजवीजही तेच करते.

ही तजवीज सहजासहजी झालेली नाही. १८१६ साली लंडनमध्ये राजदरबारी मेजवानीत वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हा 'द टाइम्स'ने त्याची जाहीर निर्भर्त्सना केली होती. पुढे १९२० च्या दशकात इंग्लंडमधील नृत्यशिक्षकांनी एकत्र येऊन पावले, ताल, शरीराची ठेवण यांचे नियम ठरवले आणि एका संशयास्पद आलिंगनाचे रूपांतर व्याकरणात केले. ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी १९२० पासून भरत आलेला नृत्यमहोत्सव या व्याकरणाचे पीठ बनला. सुओ यांच्या चित्रपटात ब्लॅकपूल हे ठिकाण एखाद्या तीर्थक्षेत्रासारखे वारंवार येते, ते यामुळेच.

जपानमध्ये मात्र हा संशय फार काळ टिकला. १८८३ साली टोकियोत उभारलेल्या रोकुमेइकान या वास्तूत पाश्चात्त्य पाहुण्यांसाठी नृत्यसमारंभ होत. पण ती उच्चभ्रूंची आणि राजनैतिक गरजेची गोष्ट होती. १९४८ साली नीतिमत्तेवर परिणाम करणाऱ्या व्यवसायांचे नियमन करणारा कायदा झाला, त्यात नृत्यगृहांचाही समावेश झाला. नृत्याविषयीची ही कलमे सैल होण्यास २०१५ सालची दुरुस्ती उजाडावी लागली. जिथे पतिपत्नीदेखील चारचौघांत हात धरत नाहीत, तिथे अनोळखी स्त्रीच्या पाठीवर हात ठेवणे म्हणजे काय, हे सुओ यांच्या चित्रपटातील शोहेइ सुगियामा (कोजी याकुशो) या हिशेबनिसाच्या चेहऱ्यावर वाचता येते. (संकोच म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.)

सुगियामाला शिकायचे असते माईकडून. ती भूमिका तामियो कुसाकारी या व्यावसायिक बॅले नर्तकीने केली आहे. परंतु स्वतंत्र शिकवणीचे शुल्क परवडत नसल्यामुळे तो सामूहिक वर्गात दाखल होतो, आणि तिथे त्याच्या वाट्याला येतात तामाको या वयस्कर शिक्षिका. हा विनोदी वाटणारा तपशील चित्रपटाचा कणा आहे. पुढे तो धीर करून माईला जेवणाचे निमंत्रण देतो, तेव्हा नृत्य आपल्यासाठी गंभीर गोष्ट असून केवळ आपल्यासाठी कोणी वर्गात येऊ नये, असे ती त्याला स्पष्ट बजावते. इथे एखाद्या सामान्य प्रेमकथेचा नायक वर्ग सोडून गेला असता. सुगियामा राहतो. अपमानाने का होईना, पण तो नृत्यासाठी राहतो; आणि मग कार्यालयात मेजाखाली त्याचे पाय पावले घोटू लागतात, रेल्वेच्या फलाटावर तो नकळत ताल धरतो. वरचे अर्धे शरीर हिशेबात आणि खालचे अर्धे क्विकस्टेपमध्ये, ही प्रतिमा चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रतिमा म्हणावी लागेल.

त्याच्याच कार्यालयातील आओकी तर दुहेरी आयुष्य जगतो. दिवसा सहकाऱ्यांच्या चेष्टेचा विषय असलेला हा टक्कल पडलेला माणूस रात्री केसांचा टोप चढवून लॅटिन नृत्याचा राजा होतो. प्रेक्षक त्याला हसतात. पण त्याचे गुपित उघडे पडते तेव्हा ते हसू अडखळते. नवऱ्याच्या पश्चात कष्ट उपसणारी, फटकळ तोयोको हीदेखील इथे नृत्याच्याच आधाराने उभी आहे. बॉलरूम नृत्यात पुरुषाने न्यायचे आणि स्त्रीने मागे जायचे असा दंडक असला, तरी सुगियामाला 'न्यायला' शिकवतात त्या मुख्यतः तामाको आणि तोयोको. सत्ता एकाकडे आणि ज्ञान दुसरीकडे, ही विसंगती सुओ कुठलेही भाष्य न करता दाखवून देतात. स्वतः माईदेखील, ब्लॅकपूलच्या स्पर्धेत पडल्यानंतर, आपण जोडीने नाचतच नव्हतो, एकट्याच नाचत होतो, या जाणिवेपर्यंत उशिराने पोहोचते.

चेल्सम यांच्या आवृत्तीत शिकागोचा वकील (रिचर्ड गिअर) हेच सर्व करतो, परंतु त्याला लपवण्यासारखे फारसे काही नाही. ज्या समाजात नाचणे लाजिरवाणे नाही, तिथे चोरून नाचण्याला कारणच उरत नाही. मग नायकाची अस्वस्थता सुखी माणसाच्या किरकोळ कंटाळ्यासारखी भासते, आणि जेनिफर लोपेझचे सौंदर्य त्या पोकळीत अधिकच झगमगते. योगायोग असा की, २००४ सालीच बीबीसीने 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' ही मालिका सुरू केली. तिचा भारतीय अवतार 'झलक दिखला जा' २००६ साली आला. त्यातही नवशिके शिकतात, चुकतात, पडतात; परंतु ते प्रसिद्ध असतात आणि गुण मिळवण्यासाठी नाचतात. त्या मालिकांची लोकप्रियता नाकारता येत नाही. मात्र ते आकर्षण पाहण्याचे आहे, नाचण्याचे नव्हे.

असे असले तरी सुओ यांच्या चित्रपटात एक उणीव राहून गेली आहे, आणि १४ जपानी अकादमी पुरस्कारांच्या झळाळीत ती झाकू नये. सुगियामाची पत्नी मासाको संशयाने गुप्तहेर नेमते, सत्य कळल्यावर दुखावते आणि स्पर्धा पाहायला येते. तिथे मुलीची हाक ऐकून सुगियामा गोंधळतो, पडणाऱ्या तोयोकोला सावरतो खरा, पण तिचा पायघोळ झगा त्याच्या पायाखाली फाटतो. त्यानंतर मासाकोच्या वाट्याला येतो तो घरच्या अंगणातला, मुलीच्या आग्रहाखातर मिळालेला एक छोटा धडा. घर त्याने घेतले, त्याचे कर्ज त्याच्यावर, म्हणून स्वातंत्र्याची ओढही त्याचीच, असे जणू चित्रपटाने गृहीत धरले आहे. अमेरिकी चित्रपटात नायक हाती गुलाब घेऊन सरकत्या जिन्याने पत्नीच्या कामाच्या ठिकाणी पोहोचतो आणि तिला नाचायला बोलावतो. हे दृश्य भडक आहे. पण पत्नीला न्याय देण्याच्या बाबतीत ते मूळ कृतीच्या पुढे आहे. सुओ यांचा सुगियामा गाडीच्या खिडकीतून नृत्यशाळेच्या काचेवर लिहिलेले निमंत्रण वाचतो आणि माईच्या निरोपसमारंभाला कार्यालयाच्या कपड्यांतच, एकटाच जातो. त्या नृत्याने चित्रपट संपतो. मासाको त्या दालनात नसते.