पांडवकालीन, हेमाडपंती, निसर्गरम्य

बारा वर्षांपूर्वी माकुणसारच्या मुलांच्या सहलीसाठी मी चार पानांचे एक टिपण लिहून दिले होते. सहल तुंगारेश्वराची होती. टिपणाचे पहिले वाक्य असे होते: ‘तुंगारेश्वराचे पांडवकालीन हेमाडपंती मंदिर निसर्गरम्य परिसरात वसलेले आहे.’ हे वाक्य लिहायला मला मिनिटभरही लागले नसेल. अशी वाक्ये मराठीत लिहावी लागत नाहीत, ती हाताशी तयारच असतात. गेल्या वर्षी त्या सहलीतली एक मुलगी भेटली. ती आता पुरातत्त्वाचा अभ्यास करते. ते टिपण तिने जपून ठेवले होते. तिने विचारले, ‘काका, यातला कोणता शब्द तुम्ही पाहून लिहिला होता?’ मला उत्तर देता आले नाही.

डिसेंबरात ते टिपण खिशात घालून मी पुन्हा तुंगारेश्वराला गेलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या देवळापेक्षा त्या वाक्याबद्दल अधिक आहे. रानातल्या कोणत्याही जुन्या देवळावरचा लेख, फलक किंवा क्षेत्रमाहितीची पुस्तिका उघडली, की यांतले निदान दोन शब्द भेटतात. हे शब्द काय सांगतात आणि काय झाकतात, एवढेच मला तपासायचे आहे.

आमच्या गावाहून हा प्रवास सोपा आहे. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून केळवे रोडला गाडीत बसायचे आणि वसई रोडला उतरायचे. सफाळे गेले, वैतरणेची खाडी ओलांडली, विरारला जीवदानीचा डोंगर दिसला, की पूर्वेला तुंगारची रांग सुरू होते. माझी आजी श्रावणी सोमवारी याच वाटेने जात असे, तेव्हा गाड्या मोजक्या होत्या आणि पुढे सगळी पायपीट. आता वसईहून रिक्षा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या फाट्यापर्यंत जाते. तिथून पुढे वनखात्याची चौकी, आणि मग ओढ्याच्या सोबतीने चढणारा रस्ता. हा ओढा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. डिसेंबरात पाणी घोट्याइतकेच होते. काठाला करंज, वर ऐन, साग, कुडा, मधूनच बांबूची बेटे. माझ्यासोबत आमच्या वाडीत कामाला येणारे एक वारली गृहस्थ होते. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना बाबा म्हणतो.

देवळापाशी पोहोचल्यावर मी टिपण काढले आणि एकेक शब्द समोरच्या वस्तूशी ताडून पाहू लागलो.

पहिला शब्द, ‘पांडवकालीन’. तुंगारेश्वराच्या परिसरात मी ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी कोणीच पांडवांचे नाव घेतले नाही. इथली कथा परशुरामाची आहे. सोपारा-निर्मळच्या क्षेत्रकथेत परशुराम आणि विमलासुर यांचा संघर्ष येतो. तुंगारवर परशुरामाने तप केले असे सांगतात आणि वरच्या अंगाला परशुराम कुंडही आहे. म्हणजे माझे विशेषण नुसते अनैतिहासिक नव्हते, ते इथल्या लोकांच्या आठवणीशीही जुळत नव्हते. जागेची स्वतःची कथा पुसून मी तिच्यावर महाराष्ट्रभर चालणारा छाप मारला होता.

लोकांनी एखाद्या वास्तूला पांडवांची म्हणण्यात मला गैर वाटत नाही. ‘आमच्या आज्या-पणज्यांच्या आठवणीपलीकडचे’ असे सांगण्याची ती एक रीत आहे. लोककथेचे नाव नीट ऐकले, तर त्यातून संशोधनही होते, आणि त्याचे उदाहरण तुंगारच्या पायथ्यापासून फार लांब नाही. सोपाऱ्यात एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्या राजाचा कोट हे ऐकायला गमतीचे वाटते. पण भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तोच उंचवटा खणला आणि आत बौद्ध स्तूप निघाला, दगडी करंडक, त्यातल्या डब्या आणि बुद्धमूर्तींसह. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यातलाच. बुरूड राजा इतिहासात नसेल, पण इथे काही तरी मोठे होते हे त्या नावाने शतकानुशतके सांभाळले होते. भगवानलालांनी ते नाव ऐकून घेतले, त्यावर आपले नाव चिकटवले नाही. मी केले ते याच्या नेमके उलट.

दुसरा शब्द, ‘हेमाडपंती’. हा शब्द अधिक फसवा आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द १२६१ मध्ये सुरू झाली. म्हणजे हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. व्यवहारात मात्र चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभारलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही म्हणतो. त्या देवळातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या वेळचा आहे. हेमाद्रीच्या दोन शतके आधी ते देऊळ उभे होते.

त्या लेखाच्या वाचनाची हकीकतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातला शक भाऊ दाजी लाडांनी प्रथम ७८२ असा वाचला होता. तो ९८२ आहे हे दाखवले भगवानलाल इंद्रजींनी. एका आकड्यावरून दोन विद्वानांचे मत वेगळे पडले, ते मांडले गेले, तपासले गेले आणि दुरुस्त झाले. एक अंक नीट वाचण्यासाठी एवढे कष्ट जिथे घेतले गेले, तिथे आपण ‘हेमाडपंती’ म्हणून दोन शतके सहज इकडची तिकडे करतो आणि चूक झाली असेही कोणाला वाटत नाही.

तुंगारेश्वराच्या बाबतीत तर या शब्दाला टेकायलाही जागा नाही. आज दिसतात त्या रंगवलेल्या भिंती, लादी, मंडप. काळ सांगणारा लेख मला कुठे दिसला नाही, आणि जुन्या सांध्याचे दगडी कामही माझ्या नजरेला पडले नाही. या देवळाचे जुनेपण जागेत आहे, बांधकामात नाही. ओढा, डोंगर, कथा आणि श्रावणात चढून येणारी माणसे यांत ते आहे. हे कमी प्रतीचे जुनेपण नव्हे. पण ‘हेमाडपंती’ हे विशेषण लावले की वाचक दगडात इतिहास शोधू लागतो आणि तो नसला की हिरमुसतो. त्या सहलीतली काही मुले निराश होऊन परतली होती, हे मला आता आठवते. देवळाने त्यांना निराश केले नव्हते, माझ्या टिपणाने केले होते.

तिसरा शब्द, ‘निसर्गरम्य’. तिन्हींत तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. या एका शब्दात मी सगळे रान गुंडाळून बाजूला ठेवले होते. रान म्हणजे देवळामागचा रंगवलेला पडदा, अशी माझी समजूत होती.

ही समजूत कुठून आली याचा शोध घेताना मी १८८२चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर पुन्हा चाळले. आपल्या सगळ्या स्थळवर्णनांचा तो पाया आहे, आणि त्याच्याइतकी माहिती नंतर एका जागी क्वचितच कोणी गोळा केली. पण त्याची मांडणी पाहा. रान येते उत्पन्नाच्या प्रकरणात, लाकूड आणि महसूल यांच्या शेजारी. वारली आणि काथोडी येतात लोकसंख्येच्या प्रकरणात. देवळे येतात पुढच्या खंडात, प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत. ज्या जागी या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात ती जागा तीन प्रकरणांत वाटली गेली. कारभाराच्या सोयीसाठी ती वाटणी ठीक होती. आपण मात्र तीच वाटणी लेखनात चालू ठेवली. देवळावर लिहिणारा रानाला एक विशेषण देतो, रानावर लिहिणारा देऊळ टाळतो आणि वारल्यांवर लिहिणारा चित्रकलेपाशी थांबतो.

चढताना बाबा एका ठिकाणी वाट सोडून आत गेले, हात जोडले आणि परत आले. मी विचारले तर म्हणाले, आधी राखणदाराला सांगायचे, मग पुढे जायचे. आत वेगळे काही नव्हते, एक दगड होता. आमच्या भागात पाड्यांच्या वेशीवर वाघोबा असतो. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. दिवाळी लागण्याआधी वाघबारशीला त्याची पूजा होते. तुंगारच्या रानात बिबट्या आहे. वाघोबाला हात जोडणारा माणूस या रानाला रम्य म्हणणार नाही. ते त्याच्या लेखी कोणाचे तरी आहे, आणि आत जायचे तर विचारून जायचे. माझ्या चार पानांत त्या राखणदाराला एक ओळही नव्हती.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांवर जे काम केले, त्यातून एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली. देवाच्या नावाने राखलेले रान आणि रानातला देव यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. देव उघड्यावर, शेंदराच्या दगडात असतो तोवर झाडांना हात लागत नाही. देवाला मोठे देऊळ बांधायचे ठरले की खर्चासाठी पहिली नजर झाडांकडे जाते. पर्यावरणाच्या अभ्यासकांना हे पन्नास वर्षांपूर्वी कळले. साहित्याच्या आणि स्थळवर्णनाच्या भाषेत मात्र ते अजून उतरलेले नाही.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होण्यापूर्वी अंबरनाथ आणि तुंगारेश्वर एकाच जिल्ह्यात होते. अंबरनाथला तारीख आहे, दगड आहे, आणि १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनी घेतलेले ठसे आणि रेखाटने आहेत. जुन्या चित्रांत त्या देवळाभोवती झाडी दिसते. आज भोवती शहर आहे आणि शेजारची वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. दगड संरक्षित झाला, नदी झाली नाही, कारण संरक्षण करणाऱ्यांच्या व्याख्येत नदी देवळाचा भाग नव्हती. तुंगारेश्वरला तारीख नाही, पण २००३ मध्ये अभयारण्य जाहीर झाल्यामुळे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान कायद्याने राखले गेले आहे.

गोव्यात तांबडी सुर्ल्याला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात, कदंबकाळातले काळ्या दगडाचे महादेव मंदिर आहे. अभ्यासक ते बाराव्या-तेराव्या शतकातले मानतात. शिखर अपुरे, मंडपात डोके तुटलेला नंदी, एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. ‘रानामुळे हे देऊळ वाचले’ असे सगळीकडे लिहिलेले असते. वाक्य खरे आहे, पण तेही अर्धेच. रानाने देऊळ लपवले असेल, तर त्या रानात राहणाऱ्यांना ते ठाऊक होतेच. लपले ते बाहेरच्यांपासून. ‘वाचले’ म्हणताना कोणाच्या नजरेतून आपण बोलतो, हे त्या वाक्यात सांगितलेले नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माझ्या आजीला यांतले काहीही माहीत नव्हते. शक, शैली, गॅझेटिअर यांच्याशिवाय तिचा श्रावण पार पडला. मग ही विशेषणांची झाडाझडती कोणासाठी? माझे उत्तर असे, की आजीने ती विशेषणे कधी वापरलीच नाहीत. ती ‘तुंगारेश्वराला जाते’ एवढेच म्हणे, आणि घरी आल्यावर ओढ्याला पाणी किती होते ते सांगे. खोटी माहिती श्रद्धेतून आलेली नव्हती, ती माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांकडून आली. आणि तिचे परिणाम होतात. देऊळ पांडवांचेच असेल, तर जीर्णोद्धारात कोणता दगड काढला याची नोंद ठेवावीशी वाटत नाही, कारण पाच हजार वर्षे टिकलेल्याला काय धक्का लागणार? रान नुसतेच रम्य असेल, तर वाहनतळासाठी त्यातले थोडे कमी झाले तरी उरलेले रम्यच राहते. ‘राखणदार’ हा शब्द लिहिला असता, तर तेवढे सहज म्हणता आले नसते.

उतरताना मी बाबांना टिपण वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘ओढा कुठे आहे यात?’ चार पानांत ओढा नव्हता. दर पावसाळ्यात ज्याचे पाणी पाहून देवळाला जायचे की नाही ते ठरते, तोच नव्हता.

यंदा गावातली मुले पुन्हा तुंगारेश्वराला जाणार आहेत. मी टिपण नव्याने लिहिले आहे. ते एकाच पानाचे आहे: ‘तुंगारच्या रानात, ओढ्याच्या काठी तुंगारेश्वराचे देऊळ आहे. आजची इमारत अलीकडची आहे, जागा फार जुनी मानली जाते. इथे परशुरामाची कथा सांगतात. वाटेत वारल्यांचा राखणदार आहे. रान अभयारण्याचे आहे, त्यात बिबट्या आहे. ओढा किती वेळा ओलांडला ते मोजा, आणि देवळात जुना दगड किंवा कोरलेले अक्षर दिसले तर हात न लावता कुठे आहे ते लिहून आणा.’ ते मी आधी त्या मुलीला वाचायला दिले. तिने एकच दुरुस्ती सुचवली. ‘फार जुनी मानली जाते’ याच्यापुढे कोण मानते ते लिहा, म्हणाली. ते अजून लिहायचे आहे.