पिंजौरचे दगड, फरमाण्याची मडकी, इनामगावची घरे: ‘दैनंदिन जीवन’ या प्रकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

प्राचीन संस्कृतींच्या अभ्यासात ‘दैनंदिन जीवन’ हे प्रकरण जवळपास प्रत्येक टिपणात असते. आहार, घरे, व्यवसाय, दफनविधी, धर्मकल्पना अशा ठरलेल्या मथळ्यांखाली माहिती भरली की प्रकरण पूर्ण झाले असे मानले जाते. त्यामुळे अश्मयुगातील शिकारी, हडप्पाकालीन नगरवासी आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकरी या तिघांचेही वर्णन सारख्याच खात्रीने केले जाते. प्रत्यक्षात या तिघांविषयीचा पुरावा सारख्या प्रतीचा नाही.

प्रस्तुत लेखात तीन ठिकाणांच्या आधारे हा फरक पाहायचा आहे: हरियाणातील पिंजौर, त्याच राज्यातील फरमाणा आणि महाराष्ट्रातील इनामगाव. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाचा रोजचा दिवस एकट्या वस्तूवरून वाचता येत नाही. ती वस्तू कोणत्या जागी, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबत पडून राहिली यावरून तो वाचता येतो. ही जागा हरवली की वस्तू हाती राहते, पण दिवस हातचा जातो.

१. पिंजौर: एक नाव, दोन अर्थ

पिंजौर हे चंडीगडजवळ, कालक्याच्या वाटेवर, पंचकुला जिल्ह्यातील गाव. एका बाजूला शिवालिकच्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला हिमालयाची बाहेरची रांग, यांमधील लांबट खोऱ्याला तिकडे ‘दून’ म्हणतात. पिंजौर या दूनमध्ये आहे. सर्वसामान्य प्रवाशाला ते मुघलकालीन बागेमुळे माहीत असते; पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला मात्र हे नाव दोन वेगळ्या संदर्भांत भेटते आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिला संदर्भ भूशास्त्राचा. भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवालिकच्या थरांची वर्गवारी करताना वरच्या थरांपैकी एका गटाला या गावाचे नाव दिले. या ‘पिंजौर’ थरांचा काळ ढोबळमानाने २५ लाख ते ६ लाख वर्षांपूर्वीचा. त्यांत हत्ती, घोडा, गेंडा, पाणघोडा यांच्या जातकुळीतील प्राण्यांचे जीवाश्म मिळतात.

दुसरा संदर्भ दगडी हत्यारांचा. पिंजौर-नालागढ दूनमध्ये नदीकाठच्या पायरीसारख्या उंच सपाट भागांवर गोट्यांपासून केलेली हत्यारे सापडतात. डी. सेन यांनी १९५० च्या दशकात नालागढ भागातील हत्यारांची नोंद केली; पुढे पंजाब विद्यापीठाचे जी. सी. महापात्र यांनी या पट्ट्यात दीर्घकाळ काम केले. या हत्यारांना ‘सोअन’ (सोहन) परंपरेत धरतात.

अनेक उत्तरपत्रिकांत हे दोन संदर्भ एकत्र होतात आणि ‘पिंजौरचा मानव हत्ती व पाणघोड्यांची शिकार करी’ असे वाक्य तयार होते. जीवाश्म थराच्या आतले आहेत; हत्यारे बहुतांशी त्याहून खूप नंतर तयार झालेल्या भूपृष्ठावरची आहेत. गावाचे नाव एक असल्याने त्यांचा काळ एक होत नाही.

२. नदीच्या गोट्यावरून काय कळते?

सोअन हे नाव आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावरील सोअन नदीवरून आले. हेल्मट डी टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी १९३५ च्या मोहिमेत तेथील नदीकाठाच्या पायऱ्या तपासल्या, त्यांची सांगड हिमालयातील हिमयुगांशी घातली आणि हत्यारांचा जुन्यापासून नव्यापर्यंत क्रम लावला. त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये आला. पुढची अनेक दशके उत्तर भारतातील गोटा-हत्यारांचे वय याच चौकटीत बसवले गेले.

१९८० च्या दशकात हेलन रेंडेल आणि रॉबिन डेनेल यांनी पोटवारमध्ये पुन्हा काम केले तेव्हा ही पायऱ्यांची मांडणी टिकली नाही. पाया गेला तसा त्यावर उभारलेला काळाचा क्रमही डळमळला. तरीही ‘प्रारंभिक सोअन, उत्तर सोअन’ ही वर्गवारी टिपणांत अजून तशीच उतरवली जाते. याबद्दल टिपणे लिहिणाऱ्यांनाच दोष द्यावा लागेल.

येथे साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. या भागातील नद्या गुळगुळीत क्वार्टझाइटचे गोल गोटे वाहून आणतात. हातात मावणारा गोटा घेऊन त्याच्या एका कडेचे चार-पाच कपचे उडवले की तोडहत्यार तयार होते. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाने असेच केले असते आणि काही हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यानेही. म्हणजे आकार पुष्कळदा कच्च्या मालाने ठरवला आहे. केवळ आकारावरून काळ सांगता येत नाही. याच शिवालिक पट्ट्यात, पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातल्या अटबारापूरला, हातकुऱ्हाडींची अश्यूली परंपराही मिळाली आहे. तेव्हा ‘उत्तरेत गोटा-हत्यारे, दक्षिणेत हातकुऱ्हाडी’ ही सोपी विभागणीही पुरत नाही.

मग पिंजौरच्या दगडांवरून काय म्हणता येते? दगडाची निवड कशी झाली, घाव कुठे घातला, कपचे कोणत्या क्रमाने काढले, करणाऱ्याला दगड किती ‘कळत’ होता, हे सांगता येते. ही माहिती कमी मोलाची नाही. एका हाताची हालचाल आपल्यापर्यंत पोहोचते. मात्र त्या माणसाने त्या दिवशी काय खाल्ले, तो कुठे झोपला, सोबत कोण होते, यांपैकी काहीही त्या दगडात नाही.

३. मसोलचा दावा

चंडीगडच्या उत्तरेला शिवालिकमध्ये मसोल हे गाव आहे. तेथील जीवाश्म हाडांवर दगडी हत्याराने मांस कापल्याच्या खुणा आहेत आणि त्या सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत, असा दावा भारतीय-फ्रेंच संशोधक गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अॅन दाम्ब्रिकूर-मालासे आणि मुकेश सिंह हे या गटातील प्रमुख अभ्यासक. आफ्रिकेबाहेरील मानवाचा सर्वसाधारणपणे मान्य असलेला जुना पुरावा जॉर्जियातील दमानिसीचा, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्यामुळे मसोलचा दावा खरा ठरल्यास मानवाच्या प्रसाराचा इतिहास नव्याने लिहावा लागेल.

दाव्याला मोठी बातमी मिळाली. अभ्यासकांचा आक्षेप मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. मसोलला धूप जबरदस्त आहे. जुने थर झिजून हाडे उघडी पडतात आणि हत्यारेही उघड्यावर मिळतात. एकाच उतारावर शेजारी पडलेले हाड आणि हत्यार एकाच वेळचे आहेत हे कसे ठरवायचे? न हललेल्या थरात दोन्ही एकत्र मिळाली तरच उत्तर निर्णायक ठरेल. तोपर्यंत हा दावा ‘दावा’ म्हणूनच शिकवावा. तो आपल्या देशातला आहे म्हणून पुराव्याची अट सैल करू नये, आणि प्रस्थापित मताविरुद्ध आहे म्हणून हसण्यावारीही नेऊ नये.

४. फरमाणा: मडक्यातले कण

त्याच हरियाणात, रोहतक जिल्ह्यात फरमाणा हे हडप्पाकालीन स्थळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय व जपानी अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले. पिंजौरच्या तुलनेत येथे पुराव्याची प्रत एकदम बदलते: घरे आहेत, दफनभूमी आहे, थर आहेत.

येथील मडकी आणि मानवी दात यांवर चिकटून राहिलेले स्टार्चचे सूक्ष्म कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले. अनेक वनस्पतींच्या स्टार्चकणांचा आकार वेगळा असतो, म्हणून आजच्या नमुन्यांशी तुलना करून ओळख पटवता येते. त्यांना हळद आणि आले यांचे कण मिळाले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकाला इतक्या जवळून पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

मात्र याचे ‘जगातील पहिली करी’ असे जे वर्णन झाले, ते तपासून घ्यावे. मडक्यात हळद शिजली आणि दातांपर्यंत पोहोचली, इतके पुराव्यात आहे. ती आमटीत होती, काढ्यात होती की आणखी कशात, हे पुराव्यात नाही. आपल्या स्वयंपाकघराची आठवण होणे स्वाभाविक आहे; परंतु ती आठवण हा पुरावा नव्हे.

५. इनामगाव: जिथे दिवस दिसतो

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने येथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये आला. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे वस्तीचे तीन टप्पे, साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातले.

या उत्खननाचे मोठेपण त्याच्या पद्धतीत आहे. त्याआधी अनेक ठिकाणी उभा खड्डा घेऊन थरांचा क्रम लावण्यावर भर असे. त्यातून काळ कळतो, वस्ती कळत नाही. इनामगावला आडवे, विस्तृत क्षेत्र उघडण्यात आले आणि शंभराहून अधिक घरे समोर आली. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे, सारवलेली जमीन, चूल, धान्य साठवायची पेवे, दळायचा पाट्यासारखा दगड (फिरते जाते तेव्हा नव्हते) या गोष्टी एकमेकींच्या नात्याने दिसल्या. बार्ली हे मुख्य पीक. पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट. लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले. येथे ‘दैनंदिन जीवन’ हा शब्द वापरण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाने कमावला आहे.

६. इनामगावविषयीही तीन प्रश्न

पुरावा भक्कम असला की त्यावर चढवलेला अर्थही भक्कम वाटू लागतो. म्हणून येथे अधिक जपावे लागते.

पहिला प्रश्न ‘प्रमुखा’चा. पाच खोल्यांचे एक घर आणि त्याच्या जवळ धान्यकोठार मिळाले. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या कुंभात बसवलेल्या पुरुषाचे दफन मिळाले. यावरून वस्तीला प्रमुख होता, तो धान्य गोळा करी, असा निष्कर्ष काढला गेला. निष्कर्ष शक्य कोटीतला आहे. परंतु मोठे घर म्हणजे मोठे कुटुंबही असू शकते आणि कोठार सामाईकही असू शकते.

दुसरा प्रश्न पावलांचा. प्रौढांच्या दफनांत घोट्याखालील पावले नसतात. हे निरीक्षण आहे. ‘मृताने भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून’ हे त्याचे स्पष्टीकरण आजच्या लोकसमजुतींवरून सुचलेले आहे. निरीक्षण आणि स्पष्टीकरण एकाच वाक्यात लिहिले की विद्यार्थी दोन्ही पाठ करतो आणि त्यांतला फरक विसरतो.

तिसरा प्रश्न ऱ्हासाचा. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्या येतात आणि मृद्‌भांडी ओबडधोबड होतात. पाऊस घटला, शेती कोलमडली, लोक मेंढपाळीकडे वळले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली आणि ती बराच काळ प्रमाण मानली गेली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केवळ हवामानबदलावर सारा भार टाकणाऱ्या या स्पष्टीकरणाला आव्हान दिले. ज्या कुंभांतील दफनांची टिपणांत ‘प्रथा’ म्हणून एका ओळीत बोळवण होते, त्या मुलांच्या हाडांतच वाढ, पोषण आणि मृत्यू यांचा लेखाजोखा होता. इनामगावच्या रोजच्या जीवनाविषयीचा सर्वांत थेट साक्षीदार घरांपेक्षा कदाचित हाच आहे. आणि तो तपासता आला, कारण उत्खनकांनी ती हाडे जागच्या नोंदींसह जपून ठेवली होती. चांगल्या उत्खननाची हीच खूण: आपले निष्कर्ष खोडून काढता येतील इतका पुरावा ते मागे ठेवते.

समारोप

कोणत्याही स्थळाविषयी ‘दैनंदिन जीवन’ लिहिताना विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. वस्तू कुठे आणि कोणत्या थरात सापडली? तिच्या सोबत काय होते? सापडलेल्या गोष्टीपासून काढलेल्या अर्थापर्यंत उडी किती लांब आहे? पिंजौरला पहिल्याच प्रश्नावर थांबावे लागते, फरमाण्याला दुसऱ्यापर्यंत जाता येते, इनामगावला तिसरा प्रश्न विचारण्याची सोय होते.

यातून एक व्यवहारातली जबाबदारीही येते. शिवालिकच्या पायथ्याशी किंवा घोडच्या काठी सहलीला गेल्यावर सुबक दगड किंवा खापर खिशात घालून आणणे अनेकांना अभ्यास वाटतो. नदीकाठचे उत्खनन, बांधकाम आणि नांगरट यांनी जागा मोडतात, तशाच त्या आपल्या खिशांनीही मोडतात. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवावे आणि वस्तू तिथेच ठेवावी.

स्वाध्याय

१. ‘पिंजौर’ या नावाचे भूशास्त्रीय व पुरातत्त्वीय अर्थ स्पष्ट करून त्यांची गल्लत झाल्यास कोणती चूक होते ते लिहा.
२. उभे उत्खनन आणि आडवे उत्खनन यांतील फरक इनामगावच्या आधारे सांगा.
३. इनामगावच्या दफनांविषयी एक निरीक्षण व त्याचे एक स्पष्टीकरण वेगवेगळ्या वाक्यांत लिहा आणि त्या स्पष्टीकरणाला एक पर्याय सुचवा.